पाठीवरचा स्वार

इथिओपियातल्या डिकिका नावाच्या रखरखीत भागात 2000 साली एका लहान मुलीचा सांगाडा सापडला. ती सुमारे तेहतीस लाख वर्षांपूर्वी जगली होती. आपल्या जातीची ती नव्हे. ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस या फार जुन्या, दोन पायांवर चालणाऱ्या जातीतली. 'लूसी' नावाने प्रसिद्ध झालेला सांगाडाही याच जातीचा. मृत्यूच्या वेळी ही पोर अडीच-तीन वर्षांच्या आसपासची असावी. झेरेसेनाय आलेमसेगेद या इथिओपियन शास्त्रज्ञाने दगडात घट्ट बसलेली तिची हाडं मोकळी करण्यात वर्षानुवर्षं घालवली. तिच्या पावलाचा सविस्तर अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाच्या हाताच्या अंगठ्याएवढं ते पाऊल, आणि त्यातून निघालेली गोष्ट थक्क करणारी.

पाऊल चालण्यासाठीच घडलेलं होतं. पण पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी जे हाड असतं, ते तिच्याच जातीतल्या प्रौढांपेक्षा अधिक गोलसर होतं. म्हणजे अंगठा थोडाफार बाजूला वळत असणार, काहीतरी पकडू शकत असणार. अभ्यासकांनी त्यावरून असा अंदाज बांधला की ही मुलगी चालत होती, झाडांवर चढत होती आणि गरज पडली की आईला पायांनीही धरून राहत होती.

चालता येतं, पण सगळी वाट चालवत नाही. उचलून न्यावं लागतं, पण खाली उतरायचंही असतं. दोन वर्षांचं मूल घेऊन लोहगडाच्या पायऱ्या चढणाऱ्या आईबापांचा प्रश्नही हाच आहे. फरक एवढाच की आपल्या मुलांच्या पायाचा अंगठा आता काहीच पकडत नाही. आपल्या अंगावर धरण्याजोगे केसही उरले नाहीत. चिंपांझीचं पिल्लू आईच्या केसांत बोटं रुतवून स्वतःला सांभाळतं. आपल्या पिल्लांना सांभाळून न्यावं लागतं.

हाताची पकड मात्र जन्मतःच येते. लुई रॉबिन्सन या इंग्लिश डॉक्टरांनी 1891 मध्ये साठेक नवजात बाळांच्या मुठीत काठी देऊन त्यांना क्षणभर अधांतरी धरून पाहिलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही आणि घरी तर मुळीच करू नये. पण बहुतेक बाळं निदान दहा सेकंद स्वतःचं वजन पेलून लटकली. काही महिन्यांत ही उपजत पकड मावळते. धरायला फर नाही आणि धरणारे पाय नाहीत अशा स्थितीत शरीर एक जुनी सवय अजून जपून ठेवतं, हे वाचलं की तान्ह्या बाळाने आपलं बोट गच्च पकडणं मला निराळं दिसू लागतं.

जे शरीराकडून गेलं ते माणसाने कापडातून, कातड्यातून, वेलींतून परत मिळवलं. कापड टिकत नाही, त्यामुळे पहिली झोळी कुणी आणि कधी बांधली हे सांगणारी वस्तू सापडणं अवघड. पण तिची गरज किती मोठी होती याचा हिशेब मांडता येतो. 2007 मध्ये कारा वॉल-शेफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप करून दाखवलं की मूल हातांवर घेऊन चालायला झोळीत घेऊन चालण्यापेक्षा सरासरी 16 टक्के जास्त शक्ती खर्च होते. दिवसभर कंदमुळं शोधत भटकणाऱ्या आईसाठी हा फरक पोटभर आणि अर्धपोटी यांमधला असू शकतो. म्हणूनच माणसाच्या अगदी सुरुवातीच्या साधनांत दगडी हत्यारांच्या जोडीने मूल बांधायचं साधनही असावं, असं या संशोधकांना वाटतं. मला ते मनोमन पटतं.

आता या सगळ्याचा आणि मूल पाठीवर घेण्यासाठी दुकानात टांगलेल्या, नळ्या-बकलांच्या, महागड्या कॅरियरचा संबंध काय? संबंध असा की आपण तो बघायला जातो तेव्हा मनात सॅक असते. किती खिसे, किती लिटर, किती ग्रॅम. सॅकमधलं सामान मात्र काही करत नाही. मूल करतं. ते धरतं, झुकतं, झोपतं, गारठतं, वैतागतं आणि मध्येच खाली उतरायचं म्हणून पाय झाडतं. ते स्वार आहे. कॅरियर निवडायचा तो या स्वाराला आणि त्याच्या वाहकाला, दोघांना मिळून.

स्वार वाहकाला मदत करतो, याचा एक सुंदर पुरावा जपानमधून आला. रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा, जानलुका एस्पोसितो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. आई बाळाला घेऊन बसलेली असताना आणि तसंच घेऊन चालत असताना. आई चालू लागली की काही सेकंदांत ठोके मंदावत, हातपाय झाडणं थांबे, रडणं ओसरे. नुसतं घेऊन बसल्याने हे होत नव्हतं. उंदराच्या पिल्लांतही त्यांना तेच दिसलं. आईने मानेला धरून उचललं की पिल्लू गप्प होतं, पाय पोटाशी घेतं आणि आटोपशीर होतं. औषध देऊन पिल्लांची उचललं गेल्याची जाणीव बधिर केली तेव्हा त्यांचं शांत होणं बिघडलं, आणि आईला त्यांना उचलून सुरक्षित जागी नेणं अवघड झालं. म्हणजे शांत होणं हे पिल्लाचंही काम आहे. संकटात पळताना आईची पाठ हलकी करणारं काम.

याच गटाने 2022 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चाललं की पुष्कळ बाळं झोपतात; पण लगेच खाली ठेवलं तर जागी होतात. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसलं, तर ती टिकण्याची शक्यता वाढते. हे प्रयोग तान्ह्या बाळांवरचे आहेत, दोन वर्षांच्या मुलांवरचे नव्हेत. पण कॅरियरमध्ये बसवलेलं दोन वर्षांचं मूल पठारावरची सपाट चाल सुरू झाली की कसं पेंगतं, हे डोंगरात मूल नेणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणून माझ्या लेखी कॅरियरची पहिली परीक्षा झोपेची. मुलाच्या मानेला दोन्ही बाजूंनी टेकू आहे का? हनुवटीसमोर मऊ गादी आहे का, आणि ती काढून धुता येते का? बैठक इतकी उंच करता येते का, की झोपेत चेहरा कापडात दबणार नाही आणि हनुवटी छातीवर रुतणार नाही? उरलेलं सगळं त्यानंतर.

दुसरी परीक्षा जागेपणाची. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 12 ते 19 महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू देऊन त्यांची पावलं मोजली. सरासरी तासाला 2368 पावलं आणि 17 वेळा पडणं! ज्याला आपण नुसतं दुडुदुडु धावणं म्हणतो, तो एवढा प्रचंड सराव असतो. अशा जीवाला तीन तास पट्ट्यांत जखडून गडमाथ्यावर नेणं म्हणजे त्याच्या दिवसाचं मुख्य काम बंद पाडणं. मूल पाच मिनिटं चालेल, दगड वेचेल, मुंगळ्यांची रांग बघत बसेल, मग दोन्ही हात वर करेल. पुन्हा पाठीवर. पुन्हा खाली. म्हणून कॅरियर असा हवा की तो जमिनीवर स्वतःच्या पायावर घट्ट उभा राहील, मूल बाजूने आपलं आपण चढेल आणि एका माणसाला एकट्याने तो पाठीवर घेता येईल. काही कॅरियरची बैठक एका बाजूने उघडते. चालत्या मुलासाठी ती सोय फार मोलाची.

हा उभा राहणारा पाय सोयीचा आहे आणि फसवाही. खुर्चीसारखा दिसतो म्हणून खुर्ची समजू नये. मूल आत असेल तर आपला एक हात चौकटीवर असायलाच हवा. उतारावर, ओबडधोबड कातळावर तर नक्कीच.

मग चौकटीचा कॅरियर घ्यावा की मऊ कापडाचा? याचं उत्तर वजनात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये बालवाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. ज्या सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून ते बनले, त्यांत भारतही होता, दिल्लीतली मुलं होती. त्या तक्त्यांनुसार एक वर्षाच्या मुलाचं मध्यम वजन 9.6 किलो आणि मुलीचं 8.9. दोन वर्षांना 12.2 आणि 11.5. तीन वर्षांना 14.3 आणि 13.9. आता बेरीज करा. दोन वर्षांचं मूल 12 किलो, चौकटीचा कॅरियर स्वतःच तीन-साडेतीन किलोचा, आणि पाणी, खाऊ, डायपर, कपडे मिळून आणखी अडीच-तीन. झाले 18 किलो. एका दिवसाच्या साध्या ट्रेकला एवढं ओझं कुणी स्वखुशीने घेत नाही. बाजारातल्या चांगल्या चौकटींवर 22 किलोच्या आसपासची मर्यादा लिहिलेली असते, पण ती मर्यादा मुलाची की मूल, सामान आणि कॅरियर मिळून एकूण, हे कंपनीगणिक वेगळं. लेबल नीट वाचावं. मला विचाराल तर चौकटीची मर्यादा फारशी कामाची नाही; आपल्या गुडघ्यांची मर्यादा त्याच्या आधी येते.

वजनाइतकंच महत्त्वाचं ते कुठे आहे हे. समजा वाहक 60 किलोचा आहे आणि पाठीवरचे 18 किलो त्याच्या शरीराच्या मध्यरेषेपासून 25 सेंटिमीटर मागे आहेत. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून जवळपास सहा सेंटिमीटर मागे सरकतो. ऐकायला थोडं वाटतं. पण घोट्याच्या मागे आपली टाच उरते तीच मुळी काही सेंटिमीटर. त्यामुळे शरीर आपोआप पुढे झुकतं आणि पाठीचे, मानेचे स्नायू तो झुकाव तासन्‌तास धरून ठेवतात. मऊ कॅरियरमध्ये मूल पाठीला चिकटून असतं. तेच 12 किलोचं मूल, एक किलोचं कापड, अंतर 18 सेंटिमीटर धरलं, तर गुरुत्वमध्य सरकतो तीन सेंटिमीटरच्या थोडा वर. निम्म्याने फरक. शिवाय उंचीही कमी. अरुंद, घसाऱ्याच्या वाटेवर हा फरक पावलापावलाला जाणवतो.

मग चौकट हवीच कशाला? कारण मऊ कॅरियरमध्ये पाणी आणि सामान ठेवायला जागा नाही, ते दुसऱ्याने घ्यावं लागतं. आपल्या उकाड्यात दोन शरीरं चिकटून राहिली की दोघंही घामाने निथळतात. आणि मुलाला समोर दिसते ती फक्त आपली पाठ. चौकटीत मूल उंच बसतं, हवा खेळती राहते, डोक्यावर सावलीचं छत येतं आणि मूल आपल्या खांद्यावरून तेच बघतं जे आपण बघतो. बोट दाखवून विचारतं. डोंगर दोघांनी मिळून बघणं हाच तर जाण्याचा हेतू. माझा कौल असा: रुंद, मळलेली वाट असेल, दोन मोठी माणसं असतील आणि महिन्यातून एकदा तरी जाणं होत असेल, तर चौकट. वर्षातून दोन-चार वेळा किंवा वाट अरुंद असेल तर मऊ कॅरियर, आणि पाण्यासाठी सोबतीला एक जण. अगदी पहिल्या खरेदीसाठी तर मऊच. तो घरातही, प्रवासातही, ताप आलेल्या रात्रीही उपयोगी पडतो.

मऊ कॅरियरची आजची जात जिथून निघाली ती कथाही सुंदर आहे. अॅन मूर ही अमेरिकन परिचारिका साठच्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये काम करत होती. तिथल्या आया बाळांना कापडाने पाठीशी बांधून बाजारात, शेतात वावरतात आणि बाळं शांत असतात, हे तिने पाहिलं. मायदेशी परतल्यावर स्वतःच्या मुलीला तसंच बांधून न्यायचा तिने प्रयत्न केला. पण कापड सारखं सैल होई. शिवणकामात वाकबगार असलेल्या आईच्या मदतीने तिने पट्टे आणि बैठक असलेली पिशवी शिवली. 1969 मध्ये 'स्नगली'चं पेटंट मिळालं. टोगोतल्या आयांचं ज्ञान असं जगभर पोचलं. आपल्याकडे उसाच्या फडात, डोंगरउतारावरच्या नाचणीच्या शेतात लुगड्याच्या झोळीत मूल घेऊन वावरणाऱ्या बायांचं ज्ञानही याच तोडीचं आहे.

चौकटीच्या बाजूला नाव घ्यावं लागतं कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टीचं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सिएरा नेवाडा पर्वतात भटकताना त्याने आणि त्याच्या मित्राने सॅकच्या लाकडी चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खुपसली. खांदे एकदम मोकळे झाले! भार हाडांमार्गे थेट पायांत उतरला होता. त्यातूनच अॅल्युमिनियमची चौकट आणि कंबरपट्टा असलेली सॅक 1952 पासून त्याने बनवायला घेतली. नळ्या वाकवायचा तो आणि शिलाई करायची त्याची बायको नीना. आजच्या प्रत्येक चांगल्या कॅरियरच्या पोटात ती पँटच्या खिशातली युक्ती आहे.

म्हणून कॅरियर अंगावर बसवायची सुरुवात कमरेपासून. दोन्ही बाजूंना हाताला लागणारी हाडाची कड चाचपा. कंबरपट्ट्याची गादी त्या कडेवर बसायला हवी. पोटावर नाही आणि मांड्यांवरही नाही. तो घट्ट आवळल्यावरच खांद्याचे पट्टे ओढायचे, मग छातीवरचा. शेवटी खांद्यांच्या वरून चौकटीकडे तिरपे जाणारे छोटे पट्टे ओढले की भार पाठीजवळ येतो. बहुतेक वजन कमरेवर आहे आणि खांद्यांखाली दोन बोटं सरकतात, असं झालं की जमलं. पाठीची लांबीही मोजावी. मान पुढे झुकवल्यावर तळाशी जो मणका उठून दिसतो, तिथपासून कमरेच्या त्या कडेच्या पातळीपर्यंत. माणसाची उंची आणि पाठीची लांबी यांचं गणित जुळेलच असं नाही. उंच माणसाचीही पाठ आखूड असू शकते. आई आणि बाबा आळीपाळीने घेणार असतील, तर पाठीची लांबी झटकन बदलता येणारा कॅरियरच घ्यावा. बाकी कुठल्याही सोयीपेक्षा ही जास्त वापरली जाते. नुकत्याच बाळंत झालेल्या आईने मात्र असं ओझं उचलण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आता स्वाराच्या बैठकीकडे. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत बसतं, आणि तान्ह्या बाळाची ती खोबण कूर्चेची, अजून आकार घेणारी असते. गुडघे वर आणि मांड्या फाकलेल्या असल्या की हाडाचं डोकं खोबणीच्या मधोमध राहतं. पाय सरळ ताणून करकचून बांधले की ते बाहेर सरकू पाहतं. जपानमध्ये सत्तरच्या दशकात डॉक्टरांनी बाळांचे पाय सरळ गुंडाळू नका अशी देशभर मोहीम काढली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण कित्येक पटींनी घसरलं. आपल्या आज्या मूल कडेवर घेत ते पाय फाकवूनच. कमरेची कड तिथेही कामाला येई! दोन वर्षांच्या मुलाच्या खुब्याला हा धोका उरत नाही, पण बैठकीचं तत्त्व तेच राहतं. कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत पोचावं, वजन मांड्यांवर पसरावं. अरुंद पट्टीवर लोंबकळणाऱ्या मुलाच्या पायांना मुंग्या येतात आणि ते किरकिर करतं. चौकटीच्या कॅरियरमध्ये पायांना रिकिबी हव्यात, उंची बदलता येणाऱ्या. पाय टेकवता आले की मूल स्वतःचा तोल स्वतः सावरतं, आपण वळलो की तेही वळतं. खरा स्वार होतं.

पाय घालायची भोकं हा सुरक्षेचा सगळ्यात नाजूक भाग. ती फार मोठी असली तर लहान चणीचं मूल त्यांतून खाली घसरू शकतं. म्हणून चौकटीचा कॅरियर आधाराशिवाय ताठ बसता येणाऱ्या मुलासाठीच असतो. अमेरिकी मानकात त्याची खालची वजनमर्यादा 16 पौंड, म्हणजे सव्वासात किलो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2015 मध्ये असं मानक पाळणं सक्तीचं करणारा नियम काढला. युरोपात चौकटीच्या कॅरियरसाठी ईएन 13209-1 हे मानक आहे. लेबलावर यांपैकी काहीच नसेल, तर खिसे कितीही आकर्षक असोत, तो परत ठेवावा. आणि आतला पाच टोकांचा पट्टा, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, मूल झोपलेलं असलं तरी सोडायचा नाही.

थंडी आणि ऊन हा विषय वेगळाच, कारण इथे आपलं शरीर आपल्याशी खोटं बोलतं. चढ चढताना आपण भट्टीसारखे तापतो. पाठीवरचं मूल मात्र बसलेलं असतं, त्याचे स्नायू फारशी उष्णता निर्माण करत नाहीत. शिवाय लहान शरीराला वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. डिसेंबरच्या पहाटे पठारावरच्या वाऱ्यात बाबा घामाघूम आणि मूल गारठलेलं, असं सहज घडतं. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट बायकांनी यावर अमाउती नावाचा अंगरखा शोधला. त्याच्या पाठीलाच बाळासाठी जागा असते. बाळ आईच्या उबेत राहतं आणि मोठी टोपी दोघांना पुरते. आपल्याला कुंची, कानटोपी आणि एक वाऱ्याला अडवणारा थर पुरतो. हात गार लागले म्हणजे मूल गारठलंच असं नाही. मानेच्या मागे किंवा छातीवर हात घालून बघावं. उन्हाळ्यात उलट. छताखाली हवा कोंडते, मूल तहान लागली म्हणून सांगत नाही आणि तुमच्या डोळ्यांसमोर नसल्याने तुम्हाला दिसत नाही. खांद्याच्या पट्ट्याला छोटा आरसा बांधावा. दोन वर्षांच्या मुलाला त्यात स्वतःचं तोंड बघायला आवडतं, तो भाग वेगळा.

सह्याद्रीच्या वाटांनाही कॅरियरचं माप लावून बघावं लागतं. मुलाचं डोकं आता आपल्या डोक्याच्या वर आहे. आपण वाकून करवंदीच्या जाळीखालून निघून जातो आणि काटे लागतात ते त्याला. गडाच्या दिंडी दरवाजातून, लेण्यांच्या ठेंगण्या चौकटीतून जाताना कॅरियर उतरवून मूल कडेवर घ्यावं. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, कातळात खोदलेले अरुंद टप्पे, जिथे हात लावावे लागतात अशी कुठलीही जागा कॅरियरची नव्हे. आग्यामोहोळ दिसलं की लांबूनच माघारी फिरावं. पट्ट्यांत बांधलेलं मूल घेऊन पळता येत नाही. पावसाळी ओढ्याचा नियम तर सगळ्यात कठोर. एरवी ओढा ओलांडताना सॅकचा कंबरपट्टा सोडून ठेवतात, म्हणजे पाय घसरला तर सॅक झटकून देता येते. पाठीवर मूल असताना झटकण्यासारखं काही नसतं. गुडघाभर वाहतं पाणी दिसलं की ट्रेक तिथे संपला.

उतरताना काठ्या वापराव्यात. हर्मान श्वामेडर यांच्या 1999 च्या अभ्यासात उतारावर दोन काठ्यांनी गुडघ्यावरचा भार 12 ते 25 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. 18 किलो पाठीवर असताना हा दिलासा थोडाथोडका नाही. आणि काठ्या म्हणजे आणखी दोन पाय. मुलाला होणारी मोठी इजा बहुतेकदा वाहकाच्या पडण्यातूनच होणार.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. कॅरियरमुळे मूल त्याच्या पायांनी कधीच पोचलं नसतं इतक्या उंचीवर, इतक्या वेगाने पोचतं. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं सर्वोच्च टोक 1646 मीटर, तिथे विरळ हवेची काळजी नाही. पण साधारण 2500 मीटरच्या वर पर्वतविकार होऊ शकतो, आणि डोकं दुखतंय हे दीड वर्षांचं मूल कसं सांगणार? कोलोरॅडोतल्या डॉक्टरांनी 1998 मध्ये यासाठी गुणांकनाची एक पद्धत काढली. तिच्यात डोकेदुखी नाहीच. मूल किती किरकिर करतंय, जेवतंय का, खेळतंय का, झोपतंय का, एवढंच बघायचं. उंचावर मूल खेळेनासं झालं की उतरायचं, हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

कॅरियर घ्यायला जाल तेव्हा मूल बरोबर न्या, आणि त्याची झोपेची वेळ साधून न्या. त्याला आत बसवून निदान वीस मिनिटं चाला, दुकानाच्या इमारतीचे जिने चढा-उतरा. एकदा जोडीदाराच्या पाठीवर, एकदा तुमच्या. शक्य असेल तर आधी कुणाचा तरी एका रविवारपुरता मागून आणा. पहिली फेरी पर्वतीच्या किंवा कान्हेरीच्या पायऱ्यांवर होऊ द्या, मग लोहगड. राजमाचीची लांब चाल त्यानंतर. तीन-चार वर्षांनी मूल त्यात मावणार नाही. तेव्हा तो माळ्यावर टाकू नका. शिलाई आणि बकलं तपासा, धुवून उन्हात वाळवा, माहितीपत्रक खिशात ठेवा आणि ज्या घरात मूल नुकतं ताठ बसायला लागलंय त्या घरी देऊन टाका.